कोल्हापूरचे जावई होताना : घाटाखालून येणाऱ्या नवख्यांसाठी

कोल्हापूरच्या मुलीने होकार देणे हा या प्रकरणातला सोपा भाग आहे. तो होकार तिच्या घराला, गल्लीला, तालमीला आणि आत्याच्या शेजारणीला क्रमाक्रमाने पटवून देणे हे खरे काम असते. मी मूळचा रत्नागिरीचा. आंबा घाट चढून पहिल्यांदा या शहरात आलो त्याला आता अकरा वर्षे झाली आणि त्यांपैकी नऊ वर्षे मी येथील जावई आहे; मधली दोन वर्षे चुका करण्यात आणि त्या निस्तरण्यात गेली. मागून येणाऱ्यांची तेवढी वर्षे वाचावीत, एवढ्यासाठी हे टिपण पायरीपायरीने लिहीत आहे. मुलाच्या बाजूने लिहिले आहे, कारण अनुभव तोच आहे. सून होऊन येणाऱ्यांना यातील जेवणाचा भाग जसाच्या तसा लागू पडेल.

पायरी पहिली : आपण कुठले, ते नीट सांगावे

घरात पाऊल ठेवताच पहिला प्रश्न येतो, "पावणं कुठलं?" हा प्रश्न भूगोलाचा नसतो. विचारणाऱ्याला तुमच्या गावात आपला कोण आहे हे शोधायचे असते आणि पाच मिनिटांत तो ते शोधतोच. माझ्या बाबतीत मुलीच्या मामांच्या साडूंनी लांज्याला तीन वर्षे नोकरी केल्याचे निष्पन्न झाले आणि "मग आपलाच निघाला की!" असे म्हणून मामांनी माझ्या पाठीवर जी थाप मारली, तिचा अर्थ आपुलकी असा आहे हे मला पुढे कोणीतरी समजावून सांगावे लागले.

मात्र गावाचे नाव सांगताना जिल्हा, तालुका आणि शक्य असल्यास समुद्र यांचा उल्लेख करावा. मी नुसते "रत्नागिरीचा" म्हणालो. कोपऱ्यात बसलेल्या आजींनी हे ऐकताच दोन्ही हात जोडले. शहरापासून जेमतेम १७-१८ किलोमीटरवर जोतिबाचा डोंगर आहे आणि तेथील गावाचे नाव वाडी रत्नागिरी असे आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आजींच्या लेखी नातीला देवाच्या दारातले स्थळ सांगून आले होते. त्यांचा होकार तिथेच पडला. हा घोटाळा माझ्या लक्षात आल्यावर मी प्रामाणिकपणे तो दूर करायला निघालो, तेव्हा भावी सासूबाईंनी मला स्वयंपाकघराच्या दारात गाठून हळूच सांगितले, "राहू दे की. म्हातारी खूश हाय."

पायरी दुसरी : भाषेची तयारी

कोकणात आम्ही वाकडे बोलतो पण हळू बोलतो. कोल्हापुरात माणसे सरळ बोलतात पण मोठ्याने बोलतात. पहिल्या भेटीच्या वेळी माझ्या आईचा फोन आला, मागचे आवाज तिच्या कानावर पडले आणि तिने काळजीने विचारले, "मोडलं काय रे?" प्रत्यक्षात तेव्हा चहात साखर किती घालायची एवढीच चर्चा चालू होती. आवाजाच्या पट्टीवरून मनःस्थितीचा अंदाज बांधू नये, हा पहिला नियम. सासरेबुवा मोठ्याने बोलत असतील तोवर सर्व ठीक असते. ते हळू बोलू लागले की सावध व्हावे.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. येथील अनेक मुली स्वतःबद्दल बोलताना "मी आलो", "मी जातो", "मी जेवलो" असे सहज म्हणतात. आमच्या ओळखीच्या आरंभी मी बिंदू चौकात उभा होतो आणि तिच्या फोनवरून संदेश आला, "मी पोचलो, कुठं हायस?" फोन भावाच्या हाती लागला असे समजून मी पंधरा मिनिटे एका चहाच्या गाड्याआड उभा राहिलो. ती रस्त्याच्या पलीकडे उभी होती आणि भाऊ गावातच नव्हता. त्या पंधरा मिनिटांचा हिशेब अजून अधूनमधून मागितला जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे "की" हे अव्यय. "या की", "बसा की", "घ्या की" यांत विनंती असते, आज्ञा असते आणि "एवढं काय त्यात" असा दिलासाही असतो. ते ऐकून ऐकून आपोआप तोंडी बसते, त्यासाठी खटपट करू नये. "नाद खुळा" आणि "ईषय हार्ड" हे शब्दप्रयोग मात्र पहिले वर्षभर वापरूच नयेत. बाहेरच्याच्या तोंडी ते भाड्याच्या शेरवानीसारखे दिसतात. माप बरोबर असले तरी कोणाचे आहे ते सर्वांना कळते. मेहुणे-मेहुण्या तुम्हाला "दाजी" म्हणतील. आमच्याकडे "भावोजी" म्हणतात, त्यामुळे सुरुवातीला कोणी दाजी म्हणून हाक मारली की मी मागे वळून कोण वडीलधारे आले ते पाहत असे.

पायरी तिसरी : भेटीची जागा निवडणे

नवख्याच्या मनात प्रथम रंकाळा येतो. संध्याकाळी पाण्यावर उतरणारा उजेड, समोर शालिनी पॅलेस, हातात भेळेचा कागद, हे सर्व खरोखरच मोहक आहे. अडचण एवढीच की संध्याकाळी निम्मे कोल्हापूर रंकाळ्याला फेरी मारायला येते आणि त्यातले निम्मे तुमच्या भावी पत्नीचे नातलग असतात. आम्ही पद्माराजे उद्यानाच्या बाजूला जेमतेम दहा मिनिटे बसलो असू, तेवढ्यात तिच्या चुलत्यांच्या परिचयाचे एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले आणि कसलाही आडपडदा न ठेवता म्हणाले, "काय गं, घरात सांगून आलायस न्हवं? सांगितलं नसलंस तर मी सांगतो, म्हणजे तुला तरास नको." हे त्यांनी धमकी म्हणून नव्हे, तर खरोखर मदत म्हणून म्हटले होते आणि घरी जाऊन ती केलीही.

पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आहे म्हणून तो सुरक्षित, असेही मानू नये. तीन दरवाजापाशी झुणका-भाकर खाताना मला तिच्या वर्गशिक्षिका भेटल्या आहेत. तात्पर्य, या शहरात लपून भेटण्याचा मार्ग नाही. त्यापेक्षा सकाळी उजळ माथ्याने अंबाबाईच्या दर्शनाला जावे. तिथे कोणी भेटले तर दोघांच्याही हातात ओटीचे सामान असते आणि विचारणाऱ्याचा आवाज आपोआप एक पट्टी उतरतो.

येथेच मेहुण्याच्या परीक्षेचा उल्लेख करतो. रात्री तो तुम्हाला "जरा फिरून येऊ" म्हणून गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेईल. तिथे म्हैस समोर उभी असते, धार थेट भांड्यात काढली जाते आणि फेसासकट कोमट दुधाचा भलामोठा पेला हातात येतो. तो एका दमात संपवायचा असतो. "मी रात्री दूध घेत नाही" असे म्हणणाऱ्याचे पुढे काय होते ते मी पाहिलेले नाही, कारण तसे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही.

पायरी चौथी : पाहण्याचा कार्यक्रम

पोहे सगळीकडे सारखेच असतात, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. धोका प्रश्नांत असतो. पगार, शेती, भावंडे यांच्यानंतर एखादा तरुण नातलग अगदी सहज विचारतो, "दाजी, फुटबॉल बघता का?" कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की शहराचा कामधंदा मंदावतो, आणि एकाच सोफ्यावर बसलेले सासरे व त्यांचे मेहुणे दोन वेगवेगळ्या संघांचे असू शकतात. अशा वेळी कुठल्याही संघाचे नाव घेऊ नये. "मला अजून नीट कळत नाही, तुम्हीच एकदा न्या" हे उत्तर दोन्ही बाजूंना मान्य होते. कुस्तीचा विषय त्या मानाने निर्धोक आहे. खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधवून घेतले, एवढे माहीत असले तरी पुरते; पुढचा अर्धा तास सासरेबुवाच बोलतात.

पायरी पाचवी : ताट

आता मुख्य विषयाकडे येऊ. लग्न बैठकीत ठरते असा समज आहे. ते ताटावर ठरते.

आधी वार विचारून घ्यावा. सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा असे करता करता सामिष जेवणासाठी बुधवार आणि रविवार उरतात, आणि त्यातही जोतिबाचा वार रविवार असल्यामुळे तो पाळणाऱ्या घरात रविवारी मटणाचे नाव काढता येत नाही. मी पहिल्यांदा रविवारी हात हलवत गेलो आणि "आज मटण असेल ना?" असे विनोदाने विचारले. आजींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती देवाच्या दारातल्या मुलाने मिळवण्यासारखी नजर नव्हती.

योग्य वारी गेल्यावर समोर येणारे ताट असे असते : सुके मटण, ज्वारीची भाकरी, दही-कांदा, लिंबू आणि दोन वाट्या. एका वाटीत तांबडा रस्सा, दुसरीत पांढरा. नवखा माणूस रंग पाहून निर्णय घेतो आणि तांबड्याला घाबरून पांढऱ्याकडे वळतो. पांढरा रस्सा मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, खसखस, तीळ, काजू आणि खडा मसाला घालून करतात. तो दिसायला दुधासारखा शांत असतो. मिरीचा आणि हिरव्या मिरचीचा झटका घशाखाली उतरल्यावर जाणवतो. तांबडा निदान तोंडावर सांगून येतो. दोन्ही रस्से वाटीने प्यायचे असतात, भाकरीशी लावून खाण्यापुरते ठेवायचे नसतात. वाटी रिकामी झाली की ती भरली जाते, आणि ती रिकामी झाली नाही तर "आवडलं न्हाई वाटतं" असे म्हणून भरली जाते.

"चटणी" या शब्दाबाबत विशेष सूचना. कोकणात चटणी म्हटले की खोबऱ्याची, ओली, वाटीभर. कोल्हापुरात चटणी म्हणजे उन्हाळ्यात वर्षभरासाठी करून बरणीत भरलेला कांदा-लसूण मसाला. पहिल्या जेवणात "सगळं छान आहे, थोडी चटणी मिळेल का?" असे मी नम्रपणे विचारले. स्वयंपाकघरात क्षणभर शांतता पसरली. सासूबाईंना वाटले रस्सा मिळमिळीत झाला. त्यांच्या स्वयंपाकाला आयुष्यात कोणी असे म्हटलेले नव्हते. त्या बरणी घेऊन आल्या, चमचाभर लालभडक चटणी माझ्या तांबड्या रश्श्यात घातली, ढवळली आणि समोर उभ्या राहिल्या. मी वाटी तोंडाला लावली. पहिला घोट जिभेने घेतला, दुसरा कानांनी. कानाच्या पाळ्या तापतात हे मी वाचले होते. त्या दिवशी कळले की त्यांतून आवाजही येतो. डोळ्यांतून पाणी वाहत असताना मी "फार छान" म्हणालो आणि मामा शेजारच्याला म्हणाले, "पोरगं हळवं हाय." ही गैरसमजूत मात्र माझ्या पथ्यावर पडली.

अशा प्रसंगी पाणी पिऊ नये. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतो. दही घ्यावे, भात मागावा, किंवा निर्लज्जपणे गूळ मागावा. गुळाचा खडा या शहरात कोणत्याही घरी कोणत्याही क्षणी मिळतो.

नकार कसा द्यावा हेही शिकण्यासारखे आहे. पहिले "नको" हा केवळ शिष्टाचार समजला जातो आणि त्याकडे कोणी लक्ष देत नाही. दुसऱ्या "नको"ला "लाजू नका" असे उत्तर येते. तिसऱ्या वेळी वाटीवर हात ठेवला तर बोटांच्या फटीतून वाढले जाण्याची शक्यता आहे, आणि रस्सा गरम असतो. अनुभवान्ती सापडलेला उपाय असा की रस्सा संथपणे प्यावा, वाटी कधीही अर्ध्याखाली जाऊ देऊ नये आणि वाढणारी व्यक्ती जवळ आली की तिलाच जेवणाबद्दल एखादा लांबलचक प्रश्न विचारावा. मसाल्याचे प्रमाण विचारले तर ती पळी हातात तशीच धरून दहा मिनिटे बोलते.

शाकाहारी असाल तर ते पहिल्या फोनवरच सांगावे. थोडे दुःख व्यक्त केले जाईल, एखादा काका "मग निदान पांढरा तरी?" असे विचारून पाहील, पण नंतर अख्खा मसूर, भरली वांगी आणि झुणका यांचा मारा त्याच त्वेषाने होईल. वाट्या तेवढ्याच असतात.

पायरी सहावी : बैठक आणि फेटे

सुपारी फोडण्याच्या बैठकीत देण्याघेण्याच्या गोष्टी निघाल्याच तर १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याची आठवण हसत हसत करून द्यावी आणि विषय मानपानाकडे वळवावा. खरा ताण तिथेच असतो. टॉवेल-टोपीचा आहेर कोणाला, पूर्ण पोशाख कोणाला आणि फेटा कोणाला, यावर आमच्या बैठकीचे अडीच तास गेले. मुहूर्त ठरायला पाच मिनिटे लागली. फेट्याच्या बाबतीत माझा सल्ला ठाम आहे. यादीत चाळीस नावे असतील तर पन्नास फेटे सांगावेत. ज्याला फेटा बांधला गेला नाही तो मनुष्य लग्नात काही बोलत नाही. तो बारशाला बोलतो.

पायरी सातवी : खरेदी

साडीसाठी महाद्वार रोड आणि सोन्यासाठी गुजरी, एवढे ठरलेले असते. तुमचे काम पिशव्या धरण्याचे. मात्र कोल्हापुरी साज निवडताना जवळ उभे राहावे. त्यातील २१ पानांपैकी दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक ताईताचे असे मानले जाते. हे आधी पाठ करून ठेवले आणि योग्य वेळी सहज बोलल्यासारखे बोलले, तर आत्याबाई कायमच्या तुमच्या बाजूला येतात.

चपलांबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान सर्वांना आहे; पण नवी चप्पल चावते आणि करकर वाजते, हे नवरदेवाला कोणी सांगत नाही. लग्नाच्या किमान पंधरा दिवस आधी ती घ्यावी, तेल लावून घरात वापरावी आणि पावसापासून जपावी. आवाजाचा फायदा मला झाला. करवल्यांनी मांडवातून माझ्या चपला पळवल्या, त्यांतल्या एकीने त्या घालूनच पळ काढला आणि करकर ऐकत माझ्या भावाने तिला पाणीवाटपाच्या टेबलामागे पकडले. तरीही पैसे द्यावेच लागले, हा भाग वेगळा.

पायरी आठवी : कागदपत्रे

मुलाचे वय २१ आणि मुलीचे १८ पूर्ण असले पाहिजे, हे सर्वांना माहीत असते. विधिवत लग्न झाल्यावर त्याची नोंदणी लगेच करून टाकावी; लग्नपत्रिका आणि फोटो हौसेने जपले जातात, पण पुरोहितांची सही घ्यायची राहून जाते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणार असाल तर दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे, नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते आणि तीन साक्षीदार लागतात. कोल्हापुरात तीन साक्षीदार मिळवणे हा प्रश्न नसतो, चौथ्यापासून पुढच्यांना कार्यालयाबाहेर थांबवणे हा असतो. जात वेगळी आहे म्हणून कोणी फार कुरकुर करू लागले, तर आंतरजातीय विवाहांना या संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनीच कायद्याची मान्यता दिली होती, एवढे शांतपणे म्हणावे. महाराजांचे नाव निघाल्यावर येथे वाद वाढत नाही.

पायरी नववी : लग्नानंतरचे वर्ष

जोडीने प्रथम अंबाबाईला आणि मग जोतिबाला जायचे असते. जोतिबाला जाताना पांढरा शर्ट घालू नये. तिथे गुलाल उधळतात, आणि "चांगभलं" म्हणत कोणी गुलाल लावला की तो कपड्यांतून, केसांतून आणि गाडीच्या सीटमधून महिनाभर जात नाही. दिवाळसणाला जावयाचे कोडकौतुक होते, त्यासाठी फारशी तयारी लागत नाही. अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना, साधारण पावणेतीन वर्षांनी येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, त्यानंतरचा अधिक ज्येष्ठ २०२६ साली १७ मेपासून. त्या महिन्यात जावयाला बोलावून ३३ अनारशांचे वाण देतात. ते सर्व तिथेच संपवायचे नसतात. मला हे बाविसाव्या अनारशाला कळले.

पायरी शेवटची : निघणे

"जातो" म्हणू नये, "येतो" म्हणावे. आणि निघायच्या तासभर आधी म्हणावे, कारण कोल्हापुरात निरोप चार ठिकाणी घेतला जातो : सोफ्यावर, उंबऱ्यात, चपला घालताना आणि गाडीच्या खिडकीशी. खिडकीशी झालेले बोलणे सर्वांत महत्त्वाचे असते; माझ्या मेहुणीचे लग्न तिथेच ठरले. गाडी सुरू केली तरी घाई करू नये, कारण आतून कोणीतरी पिशवी घेऊन येत असते. तीत चटणीची बरणी असते, भाकरी असते आणि गुळाची ढेप असते. मागच्या खेपेला ढेप स्वतः आजी घेऊन आल्या. त्यांचे वय आता नव्वदीकडे झुकले आहे. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सावकाश जा, बाळा. डोंगरावर पोचलास की फोन कर."

आंबा घाट उतरून घरी पोहोचायला रात्र झाली. फोन केला आणि सांगितले, पोचलो डोंगरावर.